मोकाट डुकरं, बंद फाटकं

प्रश्न: ताई, मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-वन-बी व्हिसावर. आजोबांच्या हाक्याच्या गोष्टी ऐकत वाढलो, स्वतः कधी बंदूक धरली नाही. इथे जो तो सांगतो की टेक्सासमध्ये रानडुकरांचा सुळसुळाट आहे, शेतकरी मेटाकुटीला आलेत, परवाना लागत नाही, हंगाम नाही, मर्यादा नाही. मग तीन महिने शोधूनही मला एक जागा का मिळू नये? ज्या ज्या रँचला फोन केला त्यांनी माणशी अडीचशे-तीनशे डॉलर सांगितले. एकाने तर डुक्कर मिळण्याची लेखी हमी दिली! मला कुंपणात कोंडलेलं डुक्कर मारायचं नाही. मोकळं फिरणारं, स्वतःच्या पायांनी आलेलं हवंय. रायफल मित्र देतोय. तुम्ही फक्त जागा सांगा. आणि मांस खाता येतं का, तेही.
मोकळ्या रानाच्या शोधात, केटी

उत्तर: जागेचं नंतर बोलू. आधी ती रायफल मित्राकडेच राहू द्या.

परवाना लागत नाही हे तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर, मोकाट डुक्कर मारायला राज्याचं हंटिंग लायसन्स लागत नाही. हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादा नाही. इथवर मित्रांचं बरोबर. पण ते बहुधा नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाले असणार, त्यामुळे पुढचं पान उलटायची त्यांना कधी गरजच पडली नाही. फेडरल, म्हणजे देशभराच्या केंद्रीय, कायद्याने एच-वन-बीसारख्या नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायलाच बंदी आहे. बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही. मित्राची रायफल मचाणावर तासभर मांडीवर ठेवलीत तरी ते बाळगणंच झालं. या बंदीला मोजके अपवाद आहेत, त्यातला तुमच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असणं.

म्हणजे गंमत बघा, टेक्सास डुकरासाठी जे लायसन्स मागत नाही, तेच तुम्हाला बंदुकीसाठी लागतं. आणि त्याशिवाय सापडलात तर तो फेडरल गुन्हा. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढून एका डुकरापायी हात दाखवून अवलक्षण कशाला?

सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्सासात राहत असाल तर रहिवाशाचं साधं लायसन्स २५ डॉलरला मिळतं. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. मोठ्यांना तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. १० डॉलर भरून कोर्स एकदा पुढे ढकलायची सोय आहे, पण आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्याने ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक. लायसन्स कधीही काढा, ते ३१ ऑगस्टला संपतं. उद्या स्वतःची रायफल घेतलीत आणि नूतनीकरण राहिलं, तर १ सप्टेंबरला ती नुसती कपाटात असणंही अडचणीचं. गणपतीच्या सुमाराला लायसन्स, असं डोक्यात पक्कं करून टाका. बायको एच-फोरवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, असेल तर तिलाही हेच लागू. आणि माझ्या सांगण्यावर थांबू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाकून खात्री करून घ्या.

आता पैशांचं. डुकरं इतकी त्रासदायक, तर शेतकरी मारणाऱ्याकडून पैसे का घेतो, हा तुमचा राग मला कळतो. मीही रागावले होते. पण टेक्सासातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे आणि त्यावर हरणांच्या शिकारीचा भाडेपट्टा हा अनेक कुटुंबांचा बांधलेला धंदा आहे. जमिनीवर पाऊल ठेवायचे पैसे घेणं ही इथली रीतच आहे, डुक्कर त्यात मागाहून आलं. अडीचशे डॉलरमध्ये मचाण, डुकरांना ओढायला मका टाकणारं फीडर आणि सोबतीला माहीतगार माणूस असेल तर ती लूट नव्हे. पहिल्या खेपेला मी तर म्हणेन द्याच. बंदूक हातात असताना शेजारी जाणतं माणूस असणं याची किंमत वेगळी.

फक्त ती लेखी हमी. मोकळं डुक्कर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आज या ओढ्यात, उद्या तीन मैलांवर. त्याची हमी कुणी देत असेल तर दोनच शक्यता: एकतर कुंपण उंच आहे, नाहीतर डुक्कर दुसरीकडे पकडून इथे आणून सोडलंय. म्हणून फोनवर सरळ विचारायचं. हाय फेन्स आहे की लो फेन्स? हाय फेन्स म्हणजे आठेक फुटांची जाळी, लो फेन्स म्हणजे गुरांचं साधं काटेरी तारेचं कुंपण, ज्याच्या खालून डुक्कर सहज सरकतं. डुकरं इथलीच की आणलेली? रिकाम्या हाताने परतणारे किती असतात? या शेवटच्या प्रश्नावर जो हसून "बरेच" म्हणतो, त्याच्याकडे जा.

हा नुसता हौसेचा नाजूकपणा नाही. इथल्या डुकरांचा इतिहासच आणून सोडण्याचा आहे. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश मोहीमवाल्याने फ्लोरिडात डुकरं उतरवली, पुढे वसाहतवाल्यांची सुटली, मग विसाव्या शतकात हौशी लोकांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून त्यांत मिसळली. टेनेसीने १९९९ मध्ये शिकार राज्यभर खुली केली. वाटलं होतं संख्या घटेल. झालं उलट: शिकार हवी म्हणून लोकांनीच ट्रेलरमधून डुकरं नेऊन नव्या भागांत सोडली, आणि २०११ मध्ये राज्याला ते धोरण गुंडाळावं लागलं. कॅन्ससमध्ये तर डुकराची हौशी शिकारच बंद आहे. आज कृषी खात्याच्या अंदाजाने देशात ६० लाखांहून जास्त मोकाट डुकरं आहेत, किमान ३५ राज्यांत, आणि टेक्सासात सगळ्यांत जास्त.

तुमची खरी चूक दुसरीच आहे. तुम्ही जागा शोधताय. डुक्कर असलेल्या जागा इथे पैशाला पासरी आहेत. तुम्हाला शोधायचाय तो माणूस, ज्याचं पीक काल रात्री गेलं आणि ज्याला तुम्ही परके वाटणार नाही.

माझीही पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच फुकट गेली. नवी कोरी कॅमोफ्लाजची पँट, वर तसलीच टोपी, शनिवारी भर दुपारी एका शेताच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हातारा ट्रॅक्टरवरून उतरलाही नाही. मान हलवली, विषय संपला. तेव्हा मला तो माणूसघाणा वाटला होता. नंतर कळलं की आधीच्या वर्षी शिकाऱ्यांच्या एका टोळक्याने त्याचं फाटक उघडं टाकलं होतं आणि चाळीस गुरं हायवेवर गेली होती.

पुढे काम झालं ते फीड स्टोअरमध्ये. गुरांचं खाद्य, मक्याची पोती, तारेची भेंडोळी विकणारं दुकान. काउंटरवरच्या बाईंना कुणाचं काय चाललंय ते सगळं माहीत असतं. मी दर पंधरा दिवसांनी आमच्या कोंबड्यांचं खाद्य न्यायला जायची. एकदा डुकरांचा विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, अमक्याच्या मक्याचं बघ, रडकुंडीला आलाय. त्या रविवारी दुपारनंतर साध्या कपड्यांत, नवऱ्याला बरोबर घेऊन गेले. बंदुकीचं नावही काढलं नाही. नुकसान बघायला येऊ का, एवढंच विचारलं.

त्याने पिकअपमध्ये बसवून शेताच्या कडेला नेलं. नुकता पेरलेला मका. ओळीतून कुणी काठी टोचत चालत गेल्यासारखे खड्डे, वीत-वीतभर अंतरावर, सरळ रेषेत. दाणा तेवढा उचललेला, मधली माती जशीच्या तशी. चार ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ, एका रात्रीत. तो म्हणाला, "माझं पेरणीयंत्रसुद्धा इतकं सरळ चालत नाही." मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ गप्प उभा राहिला.

पहिले दोन महिने त्याने आम्हाला शिकार करू दिली नाही. आणि ते बरोबर होतं. त्याचा ट्रॅप लावलेला होता: लोखंडी जाळीच्या पॅनेलांचा गोल वाडा, आत मका, बाहेर कॅमेरा. सगळा कळप आत शिरल्याशिवाय दार पाडायचं नाही, हा त्यातला नियम. मादी, तिच्या मुली, त्यांची पिल्लं असा कळप असतो. त्यातलं एक टिपलंत तर बाकीची पंधरा पांगतात, वाडा ओळखायला शिकतात, शेजाऱ्याच्या शेतात जातात. मादी तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांत विते, तेव्हा एकाची भरपाई व्हायला किती वेळ लागणार? हे जाणणारा शेतकरी हौशी शिकाऱ्याला नको म्हणतो तेव्हा त्याचा हिशेब चोख असतो. आम्ही पॅनेलं ओढायला मदत केली, मक्याची पोती वाहिली. मेमध्ये त्याचा फोन आला. दोन मोठे नर उरलेत, वाड्याच्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. तुम्ही बसता का?

असे उरलेले नर म्हणजे तुमची जागा. विचारताना असंच विचारा: "ट्रॅप लावलाय का? त्यात काही हातभार लागेल का? त्यातून सुटलेल्यांसाठी कधी गरज पडली तर मला फोन कराल का?"

केटीहून तुम्हाला जवळ म्हणजे कोलोराडो, व्हॉर्टन, माटागोर्डा या भातशेतीच्या काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग. भाताचे बांध डुकरं फोडतात, पाणी वाहून जातं, आणि बांध परत घालायचा म्हणजे मजूर आले, डिझेल आलं. मक्याची पेरणी या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये होते; पेरणीनंतरचा आठवडा आणि पुढे कणसं भरायची वेळ, या दोन्ही वेळी शेतकरी ऐकायच्या मनःस्थितीत असतो. नोव्हेंबरमध्ये जाऊ नका, तेव्हा हरणांचा हंगाम चालू असतो आणि भाडेपट्टेवाल्यांना तुमची धावपळ नको असते. प्रत्येक काउंटीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ॲग्रीलाइफ एक्स्टेंशनचं, म्हणजे शेतीसल्ला सेवेचं, कार्यालय असतं. तिथल्या एजंटाला कुठे काय नुकसान झालंय ते ठाऊक असतं. तो नावं देईलच असं नाही, पण तुमचं नाव-नंबर लिहून घ्यायला सहसा नाही म्हणत नाही. रस्त्यावरून उकरलेलं शेत दिसलं आणि मालक कोण ते कळत नसेल, तर काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर नकाशा असतो, त्यात जमिनीच्या तुकड्यावर बोट ठेवलं की नाव आणि टपालाचा पत्ता निघतो. हाताने लिहिलेलं पत्र टाका. फोनपेक्षा पत्राला जास्त उत्तरं आली, हा माझा अनुभव.

परवानगी मिळाली की ती लेखी घ्या, हद्दीच्या खुणांसकट. गोळी मालकाच्या हद्दीबाहेर गेली तर तो गुन्हा आहे, मग पलीकडे डुक्कर का उभं असेना. आणि झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की थांबायचं. इथे त्याचा अर्थ "प्रवेश बंद", पाटी असो वा नसो. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं: उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. रात्री बसणार असाल तर तिथल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि शेरीफच्या कार्यालयाला आधी कळवा. अंधारात गोळ्यांचा आवाज झाला की कुणीतरी फोन करतंच.

स्वस्तातलं मोकळं रान हवंच असेल तर सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट आहे, तुमच्या उत्तरेला. १ लाख ६० हजार एकरांच्या वर, पाइनचं जंगल आणि मधून दलदलीचे ओढे. पण सरकारी जमिनीवर लायसन्सची सूट नाही. शिवाय ४८ डॉलरचं वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट लागतं. मका टाकून आमिष दाखवायला मनाई, अंगावर ४०० चौरस इंच भगभगीत नारिंगी कापड, त्यातलं १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर, वर नारिंगी टोपी. रात्री मारण्याची सवलत खाजगी जमिनीसाठी आहे, इथे ती गृहीत धरू नका. परमिटबरोबर पुस्तिका मिळते, कोणत्या तुकड्यात कोणत्या दिवसांत कोणतं हत्यार ते त्यात लिहिलेलं असतं. ती जेवताना वाचा, झोपताना वाचा. ब्युमॉन्टच्या बाजूला बिग थिकेट आहे, तिथलं परमिट मोफत असतं, पण जंगल इतकं दाट की पंधरा फुटांवरचं डुक्कर फक्त ऐकू येतं. ज्यांना मोकाट डुक्कर खरोखर मोकाटपणे हवंय त्यांना मी अशा सरकारी जंगलांतच पाठवते. पहिल्या चार खेपांत काही मिळणार नाही, पण खुणा वाचायला शिकाल.

खुणांचं थोडं सांगते, कारण शेतकऱ्यासमोरही ते उपयोगी पडतं. डुकराला घाम येत नाही, म्हणून पाणी आणि चिखल सोडून ते फार लांब जात नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. आधी ओढा शोधा, मग लोळण. लोळणीतून उठलं की ते जवळच्या झाडाला अंग घासतं आणि खोडावर चिखलाचा पट्टा राहतो. पट्टा तुमच्या मांडीच्या उंचीवर असेल तर नर मोठा आहे. डांबरट वासाच्या जुन्या विजेच्या खांबांना घासायला त्यांना फार आवडतं, ते खांब आधी बघा. काटेरी कुंपणाची सर्वांत खालची तार तपासा: राठ केस आणि वाळलेला चिखल अडकलेला असेल तर तीच त्यांची वाट. ठसा हरणाच्या ठशापेक्षा गोलसर, बोथट. चिखल मऊ असेल तर मागच्या दोन छोट्या खुरांच्या खुणा बाजूला फाकलेल्या दिसतात. चिखल ओला की सुकलेला, यावर सगळं ठरतं. आठवड्यापूर्वीची खूण म्हणजे गेलेली एसटी. नजर त्यांची यथातथाच, पण नाक भयंकर. वारा तुमच्या तोंडावर येत असेल अशाच बाजूने जा; पाठीवर आला तर घरी गेलात तरी चालेल.

पुढेमागे दक्षिण किंवा पश्चिम टेक्सासात गेलात तर हावेलिना नावाचा प्राणी भेटेल, लहानसा, राखाडी, गळ्याभोवती फिकट पट्टा. लांबून डुक्करच वाटतो. तो डुक्कर नाही, त्याला हंगाम आहे, मर्यादा आहे, लायसन्स आहे. खात्री नसेल तर बोट ट्रिगरपासून लांब.

मांसाचं विचारलंत. खातो आम्ही, मादीचं किंवा तरुण नराचं. म्हाताऱ्या नराचा वास घरातून दोन दिवस जात नाही. पण साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच, बोटावर बारीकशी चीर असली तरी. या डुकरांत ब्रुसेलोसिस असतो, तो रक्तातून माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप काढतो. फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, होईस्तोवर शिजवा, त्यासाठी मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या, अंदाजाने नको. कुत्रा असेल तर त्याला कच्चा तुकडाही टाकू नका. या डुकरांतला स्यूडोरेबीज हा रोग माणसाला सहसा होत नाही, पण कुत्र्याला मारतो. आणि सोलायच्या आधी जमीनमालकाला मांस हवंय का ते विचारा. आमचा मक्याचा शेतकरी दर वेळी नको म्हणतो, आणि दर वेळी त्याची बायको मागच्या दाराने पातेलं घेऊन येते.